यादवी युद्धांवर पीएचडी करायला स्वीडनला येणारीसाठी

तू विचारलंयस, संख्याशास्त्रात एमएस्सी झालंय, यादवी युद्धांवर पीएचडी करायला स्वीडनला यायचंय, तर आधी वाशीत मशीन लर्निंगचा क्लास लावू का? पैसे वाचव. 'आर' (आकडेमोडीची संगणकभाषा) येतं, लॉजिस्टिक रिग्रेशन (एखादी घटना घडण्याची शक्यता काढायची पद्धत) कळतं, तेवढं पुरे.

अडतं ते दुसरीकडेच. ठाण्याच्या नौपाड्यातून इथे, स्वीडनमधल्या उप्सालाला आलो तेव्हा माझ्या लेखी डेटा म्हणजे डाउनलोड करायची फाइल. पहिल्याच महिन्यात मॉडेल चालवून गाइडना दाखवलं, सगळीकडे तारे (निकाल निव्वळ योगायोग नसावा, हे सांगणाऱ्या खुणा) चमकत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, "या वर्षी इथे शून्य का?" मी गप्प. इथल्या विद्यापीठाच्या यूसीडीपी (उप्साला कॉन्फ्लिक्ट डेटा प्रोग्राम) या संघर्षांच्या डेटाबेसात सरकार आणि सशस्त्र संघटनेच्या लढाईत वर्षभरात किमान 25 जण मारले गेले तरच संघर्ष धरतात, 1000 झाले की युद्ध. 24 असतील तर? शून्य. आणि ही मोजणी बरीचशी बातम्यांवरून होते. जिथे वार्ताहर पोचत नाही तिथली माणसं मरतात, पण आकड्यात येत नाहीत.

फिअरन आणि लेटिन या राज्यशास्त्रज्ञांचा 2003 चा लेख वाचलाच असशील. 1945 ते 1999 मधली 127 यादवी युद्धं घेऊन त्यांनी दाखवलं की वांशिक विविधतेपेक्षा गरिबी, दुबळं सरकार, डोंगराळ मुलूख जास्त महत्त्वाचे. पुढे 2010 मध्ये वॉर्ड आणि सहकारी संशोधकांनी त्या लेखातलं मॉडेल युद्धाचा अंदाज कितपत देतं ते तपासलं: शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच 'युद्ध' म्हणायचं ठरवलं, तर त्याने एकही युद्ध ओळखलं नाही. युद्ध सुरू होणं मुळातच दुर्मीळ. रोज 'आज नाही' म्हणणाराही बहुतेक वेळा बरोबरच ठरतो! मुलाखतीत यावर बोलता आलं पाहिजे.

पैशांचं थोडक्यात: इथे पीएचडी म्हणजे नोकरी, पगार मिळतो, साधारण चार वर्षं. मास्टर्सला मात्र युरोपबाहेरच्यांना 2011 पासून फी आहे. कर्ज काढून त्यासाठी येऊ नकोस, थेट पीएचडीच्या जागांवर नजर ठेव. (जागा थोड्या, अर्ज ढिगाने. पहिल्या नकाराने आईला फोन करून रडायचं नाही. मी रडलो होतो.)

अर्जाआधी एवढं कर. गडचिरोलीचं कुठलंही एक वर्ष घे, दोन मराठी आणि एक इंग्रजी पेपर चाळ, एकेका चकमकीची एक ओळ कर: तारीख, तालुका, कोण, किती. पेपरांचे आकडे जुळणार नाहीत. कुठला धरलास आणि का, ते शेजारच्या रकान्यात लिही. ती फाइल मला पाठव, सीव्ही नंतर बघू.