शाळा प्रज्ञावान विद्यार्थी नेमके कसे ओळखतात?

शाळेने प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी घेतलेल्या चाचणीत आपल्या मुलीचा बुद्ध्यांक १२७ आला, मर्यादा १३० होती, म्हणून तिची निवड झाली नाही. तर ही निवड होते तरी कशी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे अशा निवड समितीवर शिक्षक म्हणून काम केले आहे.

बहुतेक ठिकाणी निवड दोन टप्प्यांत होते. आधी शिक्षकांच्या शिफारशीवरून किंवा एखाद्या छोट्या सामूहिक चाचणीवरून काही मुले वेगळी काढली जातात आणि मग तेवढ्यांचीच सविस्तर चाचणी मानसशास्त्रज्ञ घेतात. पालकांचे सगळे लक्ष दुसऱ्या टप्प्यातल्या आकड्यावर असते. माझ्या मते खरी गळती पहिल्या टप्प्यातच होते, कारण ज्याचे नावच पुढे गेले नाही त्याची चाचणी कोणी घेत नाही.

याचा दाखला मी स्वतःच्याच चुकीतून देतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत २७ खेळाडू असतील तर एकूण सामने किती होतील, असे एक गणित मी वर्गाला घातले होते. मुलांनी फेरीनिहाय सामने मोजून बेरीज करावी, ही माझी अपेक्षा होती. एका मुलाने नुसते '२६' लिहिले आणि मी लाल शाईने 'पायऱ्या दाखव' असा शेरा मारून निम्मे गुण कापले. पुष्कळ दिवसांनी सहज विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, एक सोडून सगळे हरायलाच हवेत ना?" त्या वर्षी मी पाठवलेल्या यादीत त्याचे नाव नव्हते, सुवाच्य अक्षर आणि पूर्ण गृहपाठ असलेल्या पाच जणांची होती.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये शिफारशीची वाट न पाहता दुसरीच्या सर्वच मुलांची अशाब्दिक (शब्दांऐवजी आकृत्यांवर आधारलेली) चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा पात्रतेचे निकष तेच असूनही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे निवडीतले प्रमाण लक्षणीय वाढल्याचे दिसले. पुढे पैशांअभावी ही योजना थांबली आणि वाढलेले प्रमाण पुन्हा घसरले.

आता आकड्याविषयी. या चाचण्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) साधारणतः १५ धरलेले असते, त्यामुळे १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन मुले येतात. परंतु कोणत्याही चाचणीत काही गुणांची चूक संभवते. आज १२७ मिळवणारे मूल दुसऱ्या एखाद्या दिवशी १३१ मिळवू शकते. १३० ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती बहुधा जागा किती आहेत ते पाहून आखलेली असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या प्रज्ञावान मुलांच्या प्रसिद्ध अभ्यासात दीड हजारांहून अधिक मुले निवडली गेली, आणि ज्यांची चाचणी होऊनही निवड झाली नाही त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. या दोघांना पुढे अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणून शाळेकडे पहिल्यांदा एकूण आकड्यामागचे घटकनिहाय गुण मागा. तर्कात १४० आणि कामाच्या वेगात ९८ असलेले मूल एकूण गुणांत सहज झाकले जाते. वाचनात अडखळणाऱ्या, पण विचारात पुढे असलेल्या मुलांचे हे नेहमी होते. वेक्सलर या प्रचलित बुद्धिमत्ता चाचणीत वेग आणि कार्यस्मृती (माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता) वगळून काढलेला वेगळा निर्देशांकही असतो, त्याची चौकशी करा. तीच चाचणी लगेच पुन्हा देण्यात मात्र अर्थ नाही, कारण सरावाने गुण फुगतात.

दुसरे असे की त्या वर्गात नेमके काय शिकवतात, हे विचारा (आश्चर्य वाटेल, पण या प्रश्नावर कित्येक शाळा गोंधळतात). तिथे पुढच्या इयत्तांचे गणित शिकवत असतील, तर शब्दसंग्रहाचे गुण तिला का अडवत आहेत? अशा वेळी वरच्या इयत्तेची गणिताची चाचणी अधिक उपयोगी पडते. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारे मूल एक वर्ष पुढे आहे की चार, हे त्या पेपरातून कळतच नाही. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७१ पासून याच कारणाने बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा द्यायला लावली होती. आपली मुलगी चौथीत असेल, तर तिला सहावीचा पेपर देण्याची लेखी विनंती करा आणि सोबत तिने आपल्या मनाने सोडवलेली दोन-तीन गणिते, खाडाखोडीसह, जोडा.