उंची ६ फूट ३ इंच असेल तर माउंटन बाइकची फ्रेम १९ इंची घ्यावी की २१ इंची?

तुम्ही लिहिले आहे की तुमची उंची ६ फूट ३ इंच आहे, सायकल टेकडीवरच्या पायवाटांवर आणि सुट्टीच्या दिवशी घाटात चालवायची आहे, आणि एका दुकानदाराने १९ इंची तर दुसऱ्याने २१ इंची फ्रेम सुचवली आहे. माझी उंची ६ फूट २ इंच आहे आणि पुण्यात मी हाच प्रश्न दोनदा सोडवला आहे, पहिल्यांदा चुकीचा. या दोन आकड्यांतूनच निवडायचे असेल तर २१ घ्या. मात्र दुकानदार केवळ तुमचे लांब पाय पाहून २१ म्हणत असेल, तर ते कारण अपुरे आहे आणि तेवढ्यावर घेतलेली मोठी फ्रेमही अंगाला बसेलच असे नाही.

हे इंच कशाचे, ते आधी पाहू. पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या आसाभोवती फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे फ्रेमचे इंच. काही कंपन्या हे अंतर टोकापर्यंत न मोजता टॉप ट्यूब, म्हणजे सीटकडून हँडलबारकडे जाणारी वरची नळी, जिथे जोडली आहे त्या मध्यबिंदूपर्यंत मोजतात, त्यामुळे एकीची १९ इंची दुसरीच्या १९ इंचीपेक्षा दोनेक सेंटिमीटरने वेगळी निघू शकते. जुन्या काळी टॉप ट्यूब जमिनीला जवळजवळ समांतर असे, आणि सीट ट्यूब वाढली की बाकीची फ्रेमही त्याच प्रमाणात वाढे, म्हणून या एका आकड्यावर भागत असे. आता टॉप ट्यूब मागे उतरती असते, सीट ट्यूब मुद्दाम आखूड ठेवतात, आणि हा आकडा सायकलच्या लांबीबद्दल फारसे काही सांगत नाही. एल आणि एक्सएल या अक्षरांचेही तसेच आहे, कारण एका कंपनीची एल दुसरीच्या एक्सएलइतकी लांब असू शकते.

माझी पहिली माउंटन बाइक १८ इंची होती. दुकानातल्या माणसाने सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, वर ओढून दिला, “बघा, पाय बरोबर पोहोचतात,” असे म्हटले, आणि मलाही ते पटले. पाय खरोखरच पोहोचत होते. पण उभे राहून पेडल मारताना गुडघे हँडलबारला घासत, उतारावर आपण पुढच्या चाकावरून पलीकडे जाऊ असे सतत वाटे, आणि तासाभरात मानेच्या मागे कळ येई. वर्षभराने सीट ट्यूबच्या तोंडाशी बारीक तडा दिसला, तेव्हा सीटपोस्ट काढून पाहिला. त्यावरची कमीत कमी आत असण्याची खूण दोन बोटे बाहेर राहिली होती.

म्हणून मोजमापापासून सुरुवात करा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवून उभे राहा. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, कणा वरच्या बाजूला ठेवून, दोन्ही पायांच्या मध्ये सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर दाबा, आणि त्याची वरची कड जमिनीपासून किती उंचीवर आहे ते कोणाकडून तरी मोजून घ्या; हेच पायाचे माप. पुस्तक तिरपे राहिले तर माप दोन सेंटिमीटरने सहज चुकते, तेव्हा घरात सुताराचा गुण्या असेल तर तो भिंतीला लावून घ्या. माझ्या मावसभावाची आणि माझी उंची सारखीच आहे, पण त्याचे पायाचे माप ९२ सेंमी आणि माझे ८७ भरते. म्हणजे तो पायांनी उंच आहे आणि मी धडाने. आम्हा दोघांना एकच सायकल नीट बसत नाही.

पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. हे गणित रोड सायकलींच्या जगातून आलेले आहे, पण सुरुवातीला पुरेसे आहे. मावसभावाच्या ९२ सेंमीला ते ८१ सेंमी होते. १९ इंची फ्रेमची सीट ट्यूब, ती खरोखर १९ इंच असेल तर, ४८ सेंमी होते. सीटची स्वतःची जाडी ५ सेंमी धरली तर सीटपोस्ट २८ सेंमी बाहेर काढावा लागेल. सायकलसोबत नेहमीचा ३५ सेंमीचा सीटपोस्ट आला असेल तर आत उरले फक्त ७ सेंमी, आणि साधारण १० सेंमी तरी आत हवा असतो. २१ इंचीत तोच सीटपोस्ट १२ सेंमी आत राहतो. तरीही एवढ्यासाठी फ्रेम बदलायची गरज नसते, कारण ४० सेंमीचा सीटपोस्ट वेगळा मिळतो. पायांची लांबी सीटपोस्टने भरून काढता येते. आखूड फ्रेम मात्र कशानेच लांब होत नाही.

त्यामुळे खरी निवड ज्या दोन मापांवर करायची त्यांना रीच आणि स्टॅक म्हणतात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून सरळ वर एक ओळंबा आहे अशी कल्पना करा. त्या रेषेपासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलबारखालच्या पुढच्या आखूड नळीच्या, माथ्याच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, आणि बॉटम ब्रॅकेटपासून त्याच माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक. पेडलवर उभे राहिल्यावर, म्हणजे खडकाळ उतारावर सीट विसरलेली असते तेव्हा, तुमच्या वाट्याला येणारी जागा रीच ठरवतो. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या भूमितीच्या तक्त्यात ही दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये दिलेली असतात, आणि ती नसतील तर दुकानात ओळंबा लावून स्वतः मोजता येतात. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहतो, पण मोजू देतो.

त्याच तक्त्यात टॉप ट्यूबची आडवी लांबीही असते, आणि बरेच जण तिच्यावरच विसंबतात. ती बसलेल्या स्थितीबद्दल सांगते, आणि सीट ट्यूबचा कोन बदलला की तिचा अर्थही बदलतो. दोन फ्रेमची ही लांबी ६४० मिमी आणि स्टॅकही ६४० मिमी आहे असे धरा. पहिलीच्या सीट ट्यूबचा कोन ७३ अंश असेल तर तिचा रीच सुमारे ४४४ मिमी निघतो, आणि दुसरीचा कोन ७७ अंश असेल तर ४९२. बसल्यावर दोन्ही सारख्याच वाटतील, पण उभे राहिल्यावर एक जवळजवळ ५ सेंमीने आखूड असेल. तुमच्या उंचीला आजच्या घडणीच्या ट्रेल (पायवाटांसाठीच्या) सायकलीत मी ४८० ते ५१० मिमी रीच शोधेन, आणि स्टॅक ६४० च्या खाली जाऊ देणार नाही. धड आणि हात लांब असतील तर रीच वरच्या टोकाकडचा घ्या. नुसते पायच लांब असतील तर स्टॅकवर अधिक लक्ष द्या, नाहीतर सीट खूप उंच आणि हँडलबार खूप खाली अशी अवस्था होऊन पाठ वाकते.

सीट ट्यूबच्या कोनाचा उंच माणसाला आणखी एक त्रास होतो, आणि तो सिंहगडासारख्या चढावर लगेच कळतो. सीटपोस्ट तिरपा असल्याने तो जितका वर काढाल तितकी सीट मागेही जाते: ७६ अंशाच्या नळीत दर १० सेंमीला सुमारे २.४ सेंमी, तर ६८ अंशाच्या नळीत ३.७. वजन मागच्या चाकावर जाते, पुढचे चाक हलके होऊन भरकटू लागते आणि तीव्र चढावर उचलले जाते. तक्त्यातला कोन बहुधा ठरावीक उंचीवरचा, ‘इफेक्टिव्ह’ म्हणून छापलेला असतो. सीट त्या उंचीच्या वर नेणाऱ्याने नळीचा प्रत्यक्ष कोन पाहावा.

आखूड फ्रेमवर लांब स्टेम (हँडलबारला पुढे धरणारा जोडतुकडा) लावून देण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो नाकारा. ११० मिमीच्या स्टेमने हात लांब जातात, पण वजन पुढच्या चाकावर लोटले जाते आणि उतारावर धीर सुटतो. फ्रेम पुरेशी लांब असेल तर ५० मिमीच्या आसपासचा स्टेम पुरतो. हँडलबार वर घेण्यासाठी स्पेसर, म्हणजे स्टेमखालच्या कड्या, वापरले तर थोडा रीच कमी होतो हेही लक्षात असू द्या. हेड ट्यूबचा कोन ६६ अंश असेल तर ३० मिमी स्पेसरमागे तो १२ मिमीने घटतो, म्हणून उंची हवी असेल तर मी स्पेसरपेक्षा जास्त उचल असलेला हँडलबार घेतो. चाके २९ इंची घ्या. १७५ मिमीचे क्रँक तुम्हाला चालतील.

दुकानात गेल्यावर आधी सीट तुमच्या गणिताच्या उंचीवर लावून घ्या, मगच सायकल चालवा. पेडल आडवे ठेवून उभे राहा, कोपर किंचित वाकवा आणि हँडलबार काटकोनात वळवून पाहा. गुडघा लागत असेल तर ती फ्रेम आखूड आहे. टॉप ट्यूबच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहण्याची जुनी परीक्षा आजच्या उतरत्या फ्रेमवर आपल्यासारख्यांना कधीच नापास करत नाही, म्हणून तिच्या निकालावर काही ठरवू नका. २१ इंचीचा रीच ४५० च्या आत निघाला आणि दुसऱ्या कंपनीच्या १९ इंचीचा ४८५, तर १९ इंची घ्या आणि सोबत ४० सेंमीचा सीटपोस्ट मागा. मात्र त्याआधी जुन्या सीटपोस्टवर कोरलेला व्यास वाचून घ्या, कारण २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिमी हे तिन्ही प्रचारात आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही.