स्टेपनी म्हणावं की सुटे चाक?

विचारणा अशी आहे : गाडीच्या जादा चाकाला मुंबईत सगळे स्टेपनी म्हणतात, पण आजच्या ब्रिटिश इंग्रजीत तो शब्द सहसा दिसत नाही. मग तो आला कुठून, आणि मराठीत लिहिताना 'सुटे चाक' लिहावं का?

शब्द साहेबाच्याच मुलखातला आहे. त्यांनी तो टाकला, आपण जपला. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली हे जादा चाक तयार केलं आणि रस्त्याचं नाव त्याला चिकटलं. लंडनमध्येही स्टेपनी नावाचा भाग आहे. त्यामुळे शब्दाचा उगम बरेचदा तिकडे दाखवला जातो, तो चूक. ब्राझीलमध्ये जादा चाकाला आजही 'एस्तेपे' म्हणतात, तेही याच शब्दावरून.

त्या काळी मोटारीचं चाक आजच्यासारखं चार नट सोडून निघत नसे. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उकलायचा, ट्यूब ओढून काढायची, ठिगळ लावायचं आणि पंपाने हवा भरायची. डेव्हिस बंधूंच्या चाकाला ना मधला तुंबा होता, ना आरे. नुसती रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक जागेवरच ठेवून त्याच्या बाहेरच्या अंगाला ती चापांनी आवळायची आणि गाडी पुढे न्यायची.

'सुटे चाक' नेमकं इथेच कमी पडतं. स्टेपनी म्हणजे रिमवर चढवलेला, हवा भरलेला, लावायला तयार टायर. कुर्ल्यात जुन्या पार्टच्या दुकानात 'टायर द्या' म्हटलं तर नुसतं रबर मिळेल, 'स्टेपनी द्या' म्हटलं तर रिमसकट. सुटं तर पंक्चरवाल्याकडे भिंतीला टेकवलेलं चाकही असतं. प्रतिशब्द हवाच असेल तर 'राखीव चाक' बरा, कारण त्यात हेतू तरी येतो. पण माझं स्पष्ट मत : स्टेपनीच लिहावं. शंभर वर्षं तोंडात रुळलेल्या शब्दाला परका म्हणून दाराबाहेर उभं करू नये.

आणि तो मराठीत किती छान बसला आहे ते बघा : 'टायर फुटला, चाक काढलं, स्टेपनी लावली.' एका वाक्यात तिन्ही लिंगं, आणि बोलणारा कुठेच अडखळत नाही. टॅक्सी, बॅटरी, डिकी यांच्यासारखाच हा ईकारान्त शब्द स्त्रीलिंगी झाला. अनेकवचन स्टेपन्या, सामान्यरूप स्टेपनी : स्टेपनीत हवा, स्टेपनीचा नट. शेवटची नी दीर्घच. गॅरेजच्या पाटीवर कधी 'स्टेफनी' दिसतं. ते बाईचं नाव झालं, चाकाचं नव्हे.

'स्टेपनी मारणे' म्हणजे ती बदलणे. बदलताना नट आधी जमिनीवरच सैल करतात आणि मग जॅक लावतात. उचललेलं चाक पान्याबरोबर फिरतं, नट सुटत नाही. कसतानाही नट ओळीने न कसता समोरासमोरचे कसायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं. घात होतो तो 'बसलेल्या' स्टेपनीने. पंपावर चार चाकांत हवा भरली जाते, पाचवं डिकीत विसरलं जातं आणि महिनोन् महिने हवा उतरत राहते.

लाक्षणिक अर्थही इथूनच निघाला : एरवी कोणी विचारत नाही, अडलं की आठवण होते. 'मी काय स्टेपनी आहे का?' ही तक्रार रास्त आहे आणि आघाडीतल्या छोट्या पक्षाला लावला तरी शब्द चपखल बसतो. एखाद्या बाईबद्दल मात्र तो वापरतात ती शिवी आहे, तिथे तो वापरूच नये.

२०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर लहान गाडी स्टेपनीशिवाय विकता येते. काही विक्रेते त्या किटलाच 'स्टेपनीच समजा' म्हणतात. समजू नये. टायरची बाजू फाटली तर त्या किटचा उपयोग नाही, तिथे चाकच लागतं.