गाडीच्या १२ व्होल्टवर गॅरेजच्या दाराचा रिमोट चालवता येईल का?

रिमोटमध्ये ३ व्होल्टचा बटण सेल आहे, गाडीत १२ व्होल्ट आहेत, मध्ये एखादा रेझिस्टर टाकून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. याच रेझिस्टरवरून आमच्या घरात अजून वाद आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझ्या थोरल्या भाऊजींनी नवी गाडी घेतली तेव्हा रिमोट डॅशबोर्डच्या आत बसवायचा घाट घातला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, पण घरात माझं शिक्षण मिक्सर दुरुस्त करण्यापुरतंच मान्य. "दोन वायरी तर आहेत," म्हणत त्यांनी रेझिस्टर लावला, रिमोटचं बटण दाबून धरलं आणि मीटर लावला. बरोब्बर ३ व्होल्ट. सगळ्यांकडे एकदा विजयी नजर टाकून झाली. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, आता बटणावरचं बोट काढा." काढलं, आणि आकडा सरसर चढत १० च्या पुढे गेला.

रेझिस्टर किती व्होल्ट खातो ते त्यातून करंट किती जातो यावर ठरतं. सिग्नल सोडताना रिमोट काही मिलिअँपिअर घेतो, एरवी जेमतेम मायक्रोअँपिअर (मिलिचा हजारावा भाग). म्हणजे रिमोट नुसता पडून असताना रेझिस्टर जवळजवळ काहीच खात नाही आणि त्याच्या चिपवर जवळजवळ सगळे १२ व्होल्ट. त्यात इंजिन चालू असलं की १२ कुठले, १४ च्या आसपास असतात. भाऊजींचं निदान: मीटर बिघडलाय. पुढे रिमोट मेला, तर म्हणे तो डुप्लिकेट होता.

तुम्ही गाडीची वीज रिमोटला देऊच नका. सेल आतच राहू द्या. रिमोट उघडून त्याच्या बटणाला समांतर दोन बारीक वायरी सोल्डर करा (चार पायांचं बटण असेल तर तिरके समोरासमोरचे पाय घ्या) आणि त्या १२ व्होल्टच्या छोट्या रिलेच्या (विजेवर चालणारा स्विच) नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघड्या राहणाऱ्या, पॉइंटांना जोडा. रिलेची कॉइल डॅशबोर्डवरच्या पुश बटणातून चालवा, कॉइल बंद होताना मारते तो झटका गिळायला तिच्यावर उलटा डायोड टाका. सप्लाय जिथून घ्याल तिथेच १ अँपिअरचा फ्यूज. झालं. गाडी आणि रिमोट यांचा विजेचा संबंधच येत नाही.

सप्लाय मात्र चावी फिरवल्यावरच येणाऱ्या वायरीतून घ्या, थेट बॅटरीवरून नाही. नाहीतर बाहेर उभ्या गाडीची काच फोडणाऱ्याला घराचं दारही उघडून दिल्यासारखं होईल. मी हे सांगितलं तेव्हा "तू फार सिनेमे बघतेस" असं ऐकून घेतलं. आज भाऊजींच्या गाडीत हीच जोडणी आहे. जाऊबाईंनी माझ्याकडून बसवून घेतली. भाऊजी लोकांना सांगतात मेकॅनिकने बसवली.

सेल बदलायचाच कंटाळा असेल तर एलएम३१७ (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप) लावा, २४० आणि ३३० ओहमचे रेझिस्टर घेतले की साधारण ३ व्होल्ट मिळतात. पण तो स्वतःच सतत काही मिलिअँपिअर खातो, तेव्हा तोही चावी फिरवल्यावर येणाऱ्या वायरीवरच हवा आणि त्याच्या आधी स्पाइक, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, अडवणारा टीव्हीएस डायोड. एवढा खटाटोप एका सेलसाठी मी करणार नाही.

हो, आणि रिमोट धातूच्या पत्र्यामागे दडवू नका, रेंज मरते. दार दिसत नसताना बटण दाबू नका, खाली कोणी असू शकतं. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापण्याआधी विचार करा.

काही रिमोटमध्ये १२ व्होल्टचा बारका सेल असतो. तो सरळ गाडीला जोडा, असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. सेल १४ व्होल्टही देत नाही आणि स्पाइकही मारत नाही. भाऊजी हल्ली हाच सल्ला वाटत फिरतात.