नुसत्या कडब्यावर मेंढरं पोसू नकोस

चिकोडी-अथणीकडं उन्हाळ्यात रानात काही उरत नाही, आणि नवा माणूस पेंडीच्या पोत्यामागं धावतो. तू आधी बांधावरच्या झाडपाल्याकडं बघ. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात २० च्या वर. पण तो हावरटासारखा घालू नकोस. त्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की लोकर गळते. माझ्या दोन मेंढ्या पार बोडक्या झाल्या होत्या, गल्लीभर हसू! एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेव, जोडीला शेवरी, हादगा मिसळ. गिरीपुष्पाच्या पाल्याच्या वासानं मेंढरं आधी तोंड फिरवतात. पाला दिवसभर सुकवून दे. पहिला आठवडा मूठभरच. गाभण मेंढीला सुबाभूळ मी घालतच नाही.