उतारवयात दात अचानक का किडू लागतात?

प्रश्न : आईचं वय 68. आजवर दात धड होते, पण दोन वर्षांत हिरडीलगत तीन दात किडले. गोड ती फारसं खात नाही. दिवसभर थोडा थोडा साखरेचा चहा घेते आणि सकाळी मिश्री लावते. वयामुळे तोंडातले जंतू बदलतात का?

उत्तर : बदलतात, पण नुसत्या वयापेक्षा लाळ कमी झाल्याने जास्त. रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि लाळ ते धुऊन काढते. ती आटली की आम्लात तग धरणारे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस फोफावतात. त्यात हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं. दातावरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, साधारण 5.5 पीएचला झिजू लागतं (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त). मूळ मात्र 6.2 ते 6.5 च्या आसपासच, म्हणजे सौम्य आम्लातही झिजतं. साखरेच्या प्रत्येक घोटानंतर आम्ल निवळायला अर्धा तास तरी लागतो. म्हणजे आईंच्या दातांना दिवसभर उसंतच नाही! चहा दोनदाच, एका बैठकीत संपवायचा. मधे साधं पाणी.

मिश्री मात्र आजच सोडायला लावा. तंबाखूने हिरड्यांतून रक्त येणं दबतं आणि आत ऑक्सिजनविना वाढणारे जंतू हाड पोखरत असले तरी कळत नाही. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. सोडल्यावर रक्त दिसलं तरी ब्रश थांबवू नका.

झोपताना 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं फिरवा. फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. गोळ्या मनानेच बंद करू नका. त्यांची यादी दंतवैद्यांना दाखवा.