वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडची वीज

प्रश्न : ऊन आणि वारा कोणत्याच देशाला विकत आणावे लागत नाहीत. कोळसा आणि तेलासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणूनच आपण अक्षय ऊर्जेकडे वळत आहोत. मग पुन्हा शेजाऱ्यांच्या वीजवाहिन्यांशी स्वतःला बांधून घेण्याचे कारण काय?

उत्तर : ऊन फुकट मिळते, पण हवे तेव्हा मिळत नाही, आणि ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, तर क्षणोक्षणी जेवढा वापर तेवढीच निर्मिती असावी लागते. लहान देशावर ढग दाटले की तेथील सर्व सौर पॅनेल एकदमच मंदावतात. प्रदेश जितका विस्तीर्ण, तितकी सगळीकडे एकाच वेळी वारा पडण्याची शक्यता कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांची साधने बहुधा निरनिराळी असतात. डेन्मार्कमधील निम्म्याहून अधिक वीज पवनचक्क्यांतून येते, तर नॉर्वेची जवळपास सगळी वीज पाण्यावर तयार होते आणि युरोपातील जलाशयांच्या साठवणक्षमतेपैकी सुमारे निम्मी त्या एका देशात आहे. या दोघांना जोडणारी स्कागेराक सामुद्रधुनीखालची केबल १९७६-७७ मध्येच, म्हणजे पवनऊर्जेचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधी, सुरू झाली होती. आज डेन्मार्कमध्ये वारा जोरात असला की तेथील स्वस्त वीज नॉर्वेकडे जाते आणि नॉर्वे आपल्या धरणांतले पाणी राखून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडून वीज उलट दिशेने पाठवली जाते. यात पाणी वर चढवावे लागत नाही, ते नुसते न वापरता ठेवावे लागते, आणि बॅटरी न बांधता बॅटरीचे काम होऊन जाते. अशा जोडण्या नसतील तर प्रत्येक देशाला स्वतःच्या सर्वांत वाईट आठवड्यासाठी राखीव वीजकेंद्रे उभी करावी लागतील, आणि ती बहुतेक वायूवर किंवा कोळशावरच चालतील.

प्रश्न : आमची स्वस्त वीज बाहेर गेली की ती आम्हालाच महाग पडणार. हा तोटा लोकांनी का सोसावा?

उत्तर : हा आक्षेप रास्त आहे, आणि सहकार्याचे गोडवे गाणारे बरेच जण नेमका तोच टाळतात. दोन बाजार जोडले की त्यांचे दर एकमेकांकडे सरकतात. त्यात महाग बाजूचा ग्राहक आणि स्वस्त बाजूचा उत्पादक या दोघांचे भले होते. स्वस्त बाजूच्या ग्राहकाच्या वाट्याला मात्र वाढीव बिल येते. २०२१ मध्ये नॉर्वेतून जर्मनीकडे जाणारी नॉर्डलिंक आणि ब्रिटनकडे जाणारी नॉर्थ सी लिंक, या प्रत्येकी १,४०० मेगावॉट क्षमतेच्या समुद्राखालच्या केबल कार्यान्वित झाल्या. त्याच सुमारास युरोपात वायूचे भाव भडकले, आणि दक्षिण नॉर्वेत वीज इतकी महागली की घरगुती बिलांचा काही भार सरकारला उचलावा लागला. उत्तर नॉर्वेत मात्र ती स्वस्तच राहिली, कारण देशांतर्गत वाहिन्यांची क्षमता अपुरी असल्याने उत्तरेची वीज दक्षिणेपर्यंत पुरेशी पोहोचतच नव्हती. स्वीडननेही जर्मनीला जोडणाऱ्या ७०० मेगावॉटच्या नियोजित हान्सा पॉवरब्रिज या केबलला २०२४ मध्ये नकार दिला; दक्षिण स्वीडनमधील दर वाढतील, हे त्याचे एक कारण होते.

माझ्या मते दोष केबलचा नसून वाटपाचा आहे. दोन बाजूंच्या दरांत फरक असताना वीज वाहिली की त्या फरकाएवढे उत्पन्न केबलच्या चालकांकडे जमा होते. त्यातला किती हिस्सा वहन आकार (वीज वाहून नेण्याबद्दल बिलात लावली जाणारी रक्कम) कमी करण्यासाठी ग्राहकांकडे परत जाईल, हे केबल टाकण्याआधी, सर्वांना समजेल अशा भाषेत ठरले पाहिजे. एकूण लाभ मोठा असल्याचे कोष्टक दाखवून ज्याचे बिल वाढले आहे त्याची समजूत पटत नाही, आणि ती पटावी अशी अपेक्षाही धरू नये.

प्रश्न : शेजाऱ्याशी संबंध बिघडले तर अंधारात बसावे लागणार नाही का?

उत्तर : धोका खराच आहे. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे तीन देश सोव्हिएत काळापासून रशिया आणि बेलारूसच्या ग्रिडशी जोडलेले होते, आणि त्या ग्रिडची वारंवारता, म्हणजे जोडलेल्या सर्व केंद्रांनी मिळून पाळायचा विजेचा ताल, मॉस्कोतून सांभाळली जात होती. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी ते त्यातून बाहेर पडले, सुमारे एक दिवस स्वतंत्रपणे चालले, आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडशी जोडले गेले. कायमचे एकटे राहण्याचा मार्ग त्यांनी निवडला नाही, हे लक्षात घ्यावे. मैत्री असली तरी निष्काळजीपणा महागात पडतोच : २८ सप्टेंबर २००३ रोजी स्वित्झर्लंडमधील एका उच्चदाब वाहिनीचा झाडाशी संपर्क आला आणि थोड्याच वेळात, सार्डिनिया बेट वगळता, जवळजवळ सगळी इटली अंधारात गेली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नियंत्रण कक्षांना एकमेकांच्या वाहिन्यांची स्थिती त्याच क्षणी दिसणे आवश्यक आहे, ते याचसाठी.

प्रश्न : हे सगळे श्रीमंत देशांना परवडते. इतरांना ते जमेल का?

उत्तर : जमते, पण सुरुवात लहान असते. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालापासून पनामापर्यंतच्या सहा देशांनी सुमारे १,८०० किलोमीटरची सामाईक वाहिनी उभारलीच, शिवाय तिच्यासाठी सामाईक नियामकही नेमला. माझ्या मते हे दुसरे काम अधिक अवघड होते. दक्षिण आशियात नेपाळची ४० मेगावॉट जलविद्युत भारताच्या वाहिन्यांमधून बांगलादेशाला देण्याचा त्रिपक्षीय करार ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. आकडा किरकोळ आहे, पण तिसऱ्या देशाची वीज आपल्या वाहिन्यांतून जाऊ देण्यासाठी लागणारे नियम त्यानिमित्ताने प्रत्यक्षात वापरून पाहता आले. हा पुरवठा दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळासाठी आहे, कारण हिवाळ्यात नद्यांचे पाणी कमी झाले की नेपाळलाच भारताकडून वीज विकत घ्यावी लागते.